टबातला भात

९ मार्च

डॉक्टरांनी तुझ्या आईला भात सोडायला सांगितला, म्हणून त्यांनी भात लावायला घेतला आहे.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर 'आता काय हवंय याला' म्हणत तू पत्र उलटं करून शेवट आधी वाचला असतास. शेवटी काही मागितलेलं नाही. निवांत वाच.

झालं असं की, साखर वाढली. डॉक्टर तरुण आहेत आणि खणखणीत बोलतात, त्यामुळे कानात यंत्र नसतानाही आईंना सगळं ऐकू गेलं. ऐकू आलं नाही म्हणायची सोय उरली नाही. भात बंद, दोन्ही वेळचा. घरी आलो तर लिफ्ट नेहमीप्रमाणे बिघडलेली होती. तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "खायला बंदी केलीय ना? लावायला तर नाही केली?"

मी म्हटलं, "लावणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

त्यांनी नुकतंच लावलेलं यंत्र काढून हातातल्या पिशवीत टाकलं आणि पुढचे दोन मजले एका दमात चढल्या.

आपल्या दोन्ही घरांत शेती कोणी केलेली नाही. माझे वडील नळवाले, तुझे छापखान्यात. आईंनी जन्मात एक कुंडी सांभाळली, आणि त्या कुंडीचं काय झालं ते तू पाहिलं आहेस. पण उत्साह दांडगा. डब्यातले मूठभर तांदूळ ताटलीत भिजत घातले आणि रोज सकाळी चष्मा लावून कोंब शोधायला बसल्या. कोंब काही आला नाही, वास आला. आधी मला वाटलं कोणाचं तरी ड्रेनेज तुंबलंय, आणि मी गळती काढायच्या धंद्याच्या सवयीने अख्खा मजला हुंगत फिरलो. शेवटी वास आपल्याच फ्रिजवर सापडला. बियाण्यांच्या दुकानातली बाई हे ऐकून इतकी हसली की तिला बसावं लागलं. "अहो, ते पॉलिश केलेलं. त्यातलं उगवायचं जे होतं ते गिरणीतच निघून गेलं. तुम्हाला साळ पाहिजे, टरफलासकट." ती आणली आहे. एक पुडी.

आता तुझ्या पत्राचं. वसतिगृहाच्या रेक्टरबाई म्हणून तुला तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या, हे चांगलं झालं. जिने नाहीत, खिडकी अंगणाकडे उघडते, आईंना बरं पडेल. तू गेलीस तेव्हा तिथे एकच खोली होती आणि मी येणार नाही म्हणून अडून बसलो होतो, म्हणून आई इथे राहिल्या. दोन वर्षं झाली. लोक अजून विचारतात, बायको गेली आणि सासू कशी काय राहिली? मी सांगतो, सामान मागाहून जायचं आहे.

एप्रिलअखेर आईंना पाठव असं तू लिहिलं आहेस. आईंना सांगितलं. त्या म्हणतात, बियाणं आणलंय, रोपं वर आल्याशिवाय मी हलणार नाही. आता मी काय करणार? त्यांच्यापुढे आजवर कोणाचं चाललंय?

फोन करू नकोस. फोनवर आपण भांडतो. कागदावर मला खोडता तरी येतं.

सही करत नाही, अक्षर ओळखशीलच.

२ एप्रिल

बूच मारलं. कशाला ते सांगतो.

न्हाणीघरातला जुना लोखंडी टब, जो मी बाल्कनीत नेऊन ठेवला होता आणि जो खाली नेऊन टाक म्हणून तू अर्ध्या संसारभर माझ्या मागे लागली होतीस, त्याला काम मिळालं. मी टाकला नाही, ते बरोबर केलं. हे मला लेखी नोंदवायचं होतं, ते झालं.

साळ एक दिवस पाण्यात ठेवली, मग ओल्या फडक्यात बांधून उबेला. तिसऱ्या सकाळी प्रत्येक दाण्याला पांढरं टोक आलं होतं. आईंनी मला झोपेतून उठवून दाखवलं. मी म्हटलं, छान. त्या म्हणाल्या, "नुसतं छान? पुडीतलं एकही वाया गेलं नाही!" मग मी जरा जास्त छान म्हटलं. पसरट भांड्यात मातीवर पेरली आहे, आणि आता ती हिरवी, बोटभर उंच आहे. गवतच, पण आईंसमोर तसं म्हणायची सोय नाही.

माती नदीकाठची, चिकण. पोत्यांनी पाच मजले वर आणली, मी आणि माझ्या पाठीने. आई बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या आणि काठीने टबातला चिखल दाखवत राहिल्या: इथे ढेकूळ, तिथे ढेकूळ. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, आता घरबसल्या पाहिलं. टब पाणसळ लावून सपाट बसवला. एका कोपऱ्याखाली पातळ फळी द्यावी लागली. आयुष्यभर मी लोकांच्या घरात साचलेलं पाणी बाहेर काढत आलो, आणि आता पाचव्या मजल्यावर स्वतःच पाणी साठवून बसलोय. दुकानात सगळ्यांना कळलंय. परवा हाताखालच्याने विचारलं, "मालक, बैलजोडी लिफ्टने आणणार की जिन्याने?" त्याला दिवसभर गच्ची खरवडायला लावली.

रोपं वर आली, मग आता आई येणार ना, असं तू विचारशील. त्या म्हणतात, रोपं टाकून जायची नसतात, लावणी झाली की मोकळी. यात मला खोट काढता आली नाही.

बाकी ठीक. साखर थोडी उतरली आहे. डावा गुडघा उजव्यापेक्षा बरा.

२४ एप्रिल

लावणी झाली. मी दोरी ताणून सरळ ओळी आखल्या. आईंनी एकेक रोप हातात घेऊन नीट बघून मला दिलं, आणि मी ते चिखलात खोचलं. दोघांचं मिळून चार रोपांवर एकमत झालं नाही, ती वेगळी बादलीत लावली. त्या बादलीला आई माझं शेत म्हणतात.

पाणी दोन बोटं उभं ठेवायचं असतं. टबाच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीने खूण केली आहे आणि रोज सकाळी कामावर जायच्या आधी बघतो. सवय, दुसरं काय. पाण्याची पातळी खाली जाते. रोज जाते. ऊन आहे, वाफ होते, ते धरूनही जास्त जाते. सध्या नुसतं लक्ष ठेवून आहे.

खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब वर येऊन बघून गेले. (तुला आठवतील. वकील नव्हेत, कोर्टात कारकून होते, पण जिना चढून वर आले की खटला उभा राहिलाच.) त्यांनी विचारलं, एवढ्या वजनाला सोसायटीची परवानगी आहे का. आईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि यंत्र काढून ठेवलं. ते अर्धा तास बोलले. आई हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत होत्या. जाताना ते मला म्हणाले, "तुमच्या सासूबाई फार समजूतदार आहेत."

तुझं दुसरं पत्र मिळालं. एप्रिल संपत आला हे मलाही दिसतंय, कॅलेंडर भिंतीवर आहे. आई म्हणतात, फुटवे आल्यावर. एकेका रोपाला बुडातून नवे कोंब येतात, त्यांना फुटवे म्हणतात. ते येईपर्यंत रोप धरलं की नाही ते कळत नाही म्हणे. मी त्यांना गाडीत बसवून देईन, पण मन इथे राहिलं तर तिकडे तुलाच त्रास. म्हणून म्हणतोय, जरा थांब.

अंगणात झाड कसलं आहे ते आईंनी विचारलंय.

१४ मे

वाईट बातमी आधी. टब रिकामा करावा लागला.

वकीलसाहेबांच्या छताला डाग पडला. ओला, ताटाएवढा, बरोबर आपल्या बाल्कनीच्या बाजूला. ते मला हाताला धरून खाली घेऊन गेले आणि त्या डागाकडे काही न बोलता बोट दाखवत उभे राहिले. मी कधी त्यांना इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं. या गावातल्या निम्म्या गच्च्या मी कोरड्या केल्या आहेत, आणि माझ्याच घरातून गळती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. वर पेन्सिलीची खूण होतीच. पाणी जात होतं, आणि कुठे जातंय ते आता कळलं.

मग जे करायचं ते केलं. सगळी रोपं चिखलासकट काढून घरात असतील नसतील त्या बादल्यांत, डब्यांत, तुझ्या लोणच्याच्या बरणीतसुद्धा ठेवली. टब कोरडा केला, आतून घासला, दोन हात लेप दिला, सुकू दिला, पुन्हा माती, पुन्हा पाणी, पुन्हा लावणी. काम पक्कं झालं आहे. आता या टबातून पाण्याचा थेंब बाहेर जायचा नाही.

भाताला मात्र ते सोसलं नाही. नुकते फुटवे आले होते, आणि मुळं दुखावली. काही रोपं पिवळी पडून गेली. उरलेली मान टाकून उभी आहेत. बियाण्यांच्या दुकानातली बाई म्हणाली, धरतील, पण पीक मागे पडलं. म्हणजे सगळंच लांबलं. हे अशा अवस्थेत टाकून आई कशा येणार?

बरणी धुऊन ठेवली आहे. झाकण सापडत नाही.

आईंना तुला दोन ओळी लिहायच्या आहेत. त्यांनी अट घातली आहे की मी वाचायच्या नाहीत. मी पाकीट त्यांच्यासमोर चिकटवणार आहे.

(त्याच पाकिटात, वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरात)

पोरी,

जावईबापू वाचणार नाहीत. शब्दाचे सरळ आहेत, वाकडेपणा काय तो तोंडाचा.

टब गळत नव्हता. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, अहो, झाडं पाणी पितात. तर म्हणाले, एवढं? मी म्हटलं, वाढत्या वयात लागतं. पण गळती काढणाऱ्या माणसाला पाणी कमी झालेलं दिसलं की गळतीच दिसते. त्याला कोण काय करणार? एवढी गोजिरवाणी रोपं उपटून डब्यांत भरली. मी खुर्चीत बसून बघत होते. ओरडले पण. त्या वेळी ऐकू येईनासं त्यांना झालं होतं.

खालच्यांच्या छताचा डाग त्यांच्याच एसीचा आहे. नळी भिंतीत तुंबली होती. हे जावईबापूंनीच शोधून काढलं, टब पुन्हा भरल्यावर. नळी साफ करून दिली, वर आले, हात धुतले, आणि मला म्हणाले, हे तिला लिहायचं काही कारण नाही. म्हणून मी लिहिते.

आता मुद्द्याचं. दोन खोल्या मिळाल्याचं तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी बॅग भरली. पलंगाखाली आहे. रोपं आल्याशिवाय हलणार नाही, असं मी म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, रोपं बघायला आवडलं असतं. त्यांनी त्यावर मजले चढवले. पत्र लिहून झालं की मला सांगतात, आई, तुम्ही असं असं म्हणालात हं. मी म्हणते, बरं. त्यांनी स्वतःच्या घरी राहायला ठेवलंय, तेवढं खोटं बोलायला काय जातं माझं?

भात मागे पडला तेव्हा तोंड पाडून बसले. रोपांचं वाईट वाटलं, ते खरंच वाटलं. लांबलं त्याचं वाटलेलं दिसलं नाही.

मी आले की ते एकटे. सकाळी उठून कोणाशी भांडतील? मला तुझ्याकडे यायचंय गं. डोळ्यांसमोर हवीस तू. पण इथून पाय निघताना मला त्यांचा चेहरा बघवायचा नाही. तर तू असं कर, मला न्यायला तूच ये. एकटी मी गाडीत बसणार नाही, गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आहे असं समज. गुडघे तसे बरे आहेत.

वसतिगृहातल्या पोरींना फार ओरडत जाऊ नकोस.

आई

३ जून

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ. 'बॅग पलंगाखाली आहे म्हणे.'

वाकून पाहिलं. आहे.

आईंना विचारलं, तर त्यांनी यंत्र काढून पिशवीत ठेवलं. त्यांच्या दोन ओळींत काय होतं ते मला अजूनही माहीत नाही. पण काय असेल ते कळायला वाचायची गरज नाही. चोराच्या मनात चांदणं.

तर आता मीच लिहितो. रोपांचं, लावणीचं, फुटव्यांचं आई काही म्हणाल्या नव्हत्या. जे म्हणालो ते मी म्हणालो. टबाचंही सांगून टाकतो, तो गळत नव्हता. पाणी झाडं पीत होती. दुकानात हे अजून कोणाला माहीत नाही आणि तू इकडे कोणाला कळवू नयेस.

कारणही लिहितो, म्हणजे तुला तर्क करत बसायला नको. आपण दोन वर्षं एकमेकांना लिहितो ते आईंबद्दल. साखर, गुडघे, यंत्राचे सेल. तू विचारतेस, मी कळवतो. आई तिकडे आल्या की तुला विचारायला काही उरत नाही आणि मला कळवायला. पत्रं बंद होतील. भांडण होऊन बंद झाली असती तर एक वेळ चाललं असतं, पण ही कारण संपलं म्हणून बंद होतील. हे तुझं पत्र वाचताना मार्चमध्येच माझ्या लक्षात आलं, आणि ते मला नको होतं. समोर भात होता. आजचं मरण उद्यावर ढकलायला बरा पडला.

आणि आई गेल्या की घर रिकामं होणार, तेही आहेच. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तू म्हणशील त्या दिवशी त्यांना घेऊन येतो. दारात सोडीन आणि त्याच गाडीने परत फिरेन. चहासुद्धा विचारू नकोस.

१० जुलै

'मीच येते. भात कापायला येते, एवढं वाचलंय त्याच्याबद्दल,' असं तू लिहिलंस. ते पत्र मी आईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही, यावरून काय समजायचं ते मी समजलो.

भात सावरला. मेलेल्यांची जागा बाकीच्यांनी भरून काढली, आणि आता टबात हात घालायला जागा नाही. मागच्या महिन्यात रोपांचे देठ मधेच फुगल्यासारखे दिसू लागले. मला वाटलं, रोग पडला. बियाण्यांच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "पोटरीला आलाय. आत ओंबी आहे. आता कृपा करून काही दुरुस्त करायला जाऊ नका." माझी कीर्ती तिथवर पोचली आहे. हे आईच तिला फोनवर सांगतात, मी कामावर असताना.

मग ओंब्या बाहेर आल्या आणि फुलल्या. फूल म्हणजे काय, टरफल जरासं उघडतं, आतून पांढरे तंतू बाहेर लोंबतात, आणि जेवायची वेळ होईपर्यंत मिटतंही. बघायला मी कामावर उशिरा गेलो. आईंनी घरातले पंखे बंद करायला लावले, वाऱ्याने झडतील म्हणून. बाल्कनीत आम्ही तिघं घामाघूम होऊन उभे होतो. तिसरे वकीलसाहेब. खटला त्यांनी मागे घेतला आहे. चिमण्या दाण्यांतलं दूध प्यायला येतात, त्यांना हाकलायची नेमणूक त्यांनी स्वतःकडे घेतली आहे. रोज पेपर घेऊन स्टुलावर बसतात. एक चिमणी आली तर पूर्ण बातमी वाचून दाखवतात, मग ती जाते.

मी आईंना विचारलं, "एवढं करताय, पण तुम्हाला तर खायचा नाही. मग कोणासाठी?"

म्हणाल्या, "जावईबापू, माझं वय झालंय. मला काहीतरी वाढताना बघायचं होतं. डॉक्टरांकडे गेलं की सगळं कमीच करायला सांगतात."

मी पेन्सिलीची खूण बघायला वाकलो.

६ ऑगस्ट

ओंब्या वाकल्या आणि पिवळ्या पडायला लागल्या. या वेळी पाणी काढून टाकायचं असतं. जमीन सुकू द्यायची, म्हणजे दाणा पक्का होतो आणि कापता येतो.

माझ्या धंद्यातलं याहून सोपं काम नाही. बूच ओढायचं, पाणी जातं. मी आठवडाभर ते केलं नाही. एक दिवस कामावरून उशीर झाला, एक दिवस ढग होते, एक दिवस हात दुखत होता. काल आई खुर्चीतून उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "काढा ते बूच. कधीतरी काढायचंच आहे."

काढलं. वकीलसाहेबांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी पाणी पाइपातून जाताना त्यांनी खालून आवाज दिला, "गळतंय!" जोक होता. त्यांचा पहिलाच असावा.

तर बावीस तारखेच्या आसपास ये. एका रात्रीचं सामान पुरेल. आईंच्या खोलीत तुझी झोपायची सोय केली आहे. सगळ्या घराला झाडू मारला आहे, आणि वरच्या कपाटात बघू नकोस.

३१ ऑगस्ट

एका रात्रीसाठी आली होतीस. मग रविवारचा सोमवार झाला, सोमवारचा बुधवार, आणि गुरुवारी गेलीस. मी कारण विचारलं नाही. धान्य सोलायला वेळ लागतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तू होतीस म्हणून ते झालं, हे लिहायला हवं. मी कापायला पत्रा कापायची कात्री आणली होती, तू ती हातातून काढून घेतलीस. पेंढ्या टबाच्याच काठावर झोडपल्यास. मी कुटायला गेलो तर दाण्यांचा चुरा झाला. दोन फळ्यांमध्ये हलक्या हाताने घासायची युक्ती तुझी. टेबलफॅनसमोर कोंडा उडवायची कल्पना मात्र माझी होती, आणि तो सगळा कोंडा वकीलसाहेबांच्या वाळत घातलेल्या शर्टांवर गेला, हेही माझ्याच नावावर. ते वर आले तेव्हा दोन्ही भुवया पांढऱ्या होत्या. तू हसलीस. मी फॅन बंद करायचा विसरलो.

स्वयंपाकघरात तू म्हणालीस, "भांडी मी ठेवली होती तिथेच आहेत." मी म्हटलं, हलवली तर सापडत नाहीत. खरं कारण तेवढंच नव्हतं.

शेवटी निघालेला तांदूळ चार माणसांना एक वेळ पुरला. वकीलसाहेबांना बोलावलं हे बरं केलंस. त्यांनी जेवताना एकही हरकत घेतली नाही. आईंनी ताटलीत भात वाढून घेतला, तेव्हा आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही दुसरीकडे बघितलं. सावकाश जेवल्या. दुसऱ्या दिवशीची साखर तू मला दाखवली नाहीस आणि मी विचारली नाही.

गाडीपाशी आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "जावईबापू, वाद अर्धाच राहिला आपला." कोणता ते मला कळलं नाही. बरेच आहेत. मग तू चढलीस. तुला 'थांब' म्हणायचं होतं. सकाळपासून तो शब्द तोंडात घेऊन फिरत होतो. तू काच सरकवून बाहेर बघितलंस, आणि मी विचारलं, खिडकी नीट लागते ना? तू म्हणालीस, लागते. गाडी गेली.

दोन वर्षांपूर्वी तू गेलीस तेव्हा मला राग आला होता, आणि राग असला की दिवस जातात. या वेळी राग आला नाही. नुसतं वाईट वाटलं.

घरात मी अजून मोठ्याने बोलतो. आईंमुळे सवय लागली, आणि एकटाच असलो तरी आवाज खाली येत नाही. परवा काहीतरी शोधत होतो, तर वकीलसाहेब वर आले. म्हणाले, "कोण आलंय?" मी म्हटलं, कोणी नाही. ते थोडा वेळ बसले. पेपर बरोबर आणला नव्हता.

आता कळवायला काही नाही. साखर, गुडघे, यंत्र, सगळं तुझ्यासमोर आहे. भात संपला. तुझं काही पत्र आलेलं नाही, की त्याला उत्तर द्यावं. तरी कागद घेऊन बसलो आणि बघ, तीन पानं झाली.

इतकी पत्रं लिहिली तुला, त्यांत एक गोष्ट मी कधी विचारली नाही. या वेळी तू पाच दिवस समोर होतीस तरी विचारली नाही, आणि शेवटी खिडकीचं विचारलं. आता विचारतो. आईंबद्दल नाही विचारत.

तू कशी आहेस?